चावडीवरचा जावई

माझ्या बरोबरीच्या बायकांना आरत्या पाठ असतात. मला पीनल कोडाची दोन कलमं पाठ आहेत, एकशे सत्तर आणि एकशे एक्काहत्तर. आपण सरकारी अंमलदार नसताना आहोत असं भासवलं आणि त्या जोरावर काही केलं, तर दोन वर्षांपर्यंत कैद, नाहीतर दंड, नाहीतर दोन्ही. आणि लोकांनी अंमलदार समजावं म्हणून नुसता तसला पोशाख चढवला, तर तीन महिने. नात वकिलीच्या परीक्षेला बसली तेव्हा मी तिला हे न अडखळता म्हणून दाखवलं. ती पुस्तक मिटून बघतच राहिली. "आजी, हे तुला कुणी शिकवलं?" म्हणाली. मी म्हटलं, तुझ्या आजोबांनी. ते आरोपी होते.

तोतया अंमलदार म्हटलं की लोकांच्या डोळ्यांपुढे कुणीतरी बिलंदर माणूस उभा राहतो. आमच्या ह्यांना बाजारात वांग्याचा भाव विचारायचा तरी घाम फुटायचा. असा माणूस तोतया म्हणून पिंजऱ्यात उभा राहिला, आणि त्याला तिथं नेऊन उभं करायला माझं अख्खं माहेर कारणी लागलं.

ह्यांचं गाव जत संस्थानातलं, माझं माहेर म्हसवडच्या अलीकडचं, माण तालुक्यातलं. लढाई चालू असताना हे रजेवर आले आणि रजा संपायच्या आत लग्न उरकून टाकलं. लग्न त्यांच्याच दारात झालं. आमच्याकडून आई, वडील, चुलता एवढेच बैलगाडीनं गेले होते, गावातलं दुसरं कुणी नाही. मी मान वर करून बघितलं नव्हतं, तशी पद्धतच नव्हती. त्यांचे बूट मला कुठंही ओळखता आले असते, तोंड नाही. पुढं आठवड्याभरात ते पलटणीत गेले आणि मी माहेरी आले. नवरा लढाईवर असलेली बाई म्हणून चार वर्षं मला सगळ्या बायका कीव केल्यासारखं बघायच्या. मला त्या बघण्याचा फार राग यायचा.

लढाई संपली, पलटण मोडली, हे इटलीहून परत आले, आणि तेवढ्यात धोंड्याचा महिना लागला. तीन वर्षांनी एक महिना जादाचा येतो, त्यात जावयाला बोलावून पुरणाचे धोंडे करून घालायचे, कापड द्यायचं, मान करायचा, आणि मग लेकीला त्याच्याबरोबर लावून द्यायची. वडिलांनी निरोप पाठवला. ह्यांच्या आईनं लेकाला निघताना बसवून सांगितलं, "पैल्यांदा सासुरवाडीला चाललायस. लय बोलू नको. काय मागू नको, आन वाढलं तर न्हाई म्हनू नको. बायकूचं नाव काढू नको, लोक हसत्यात. सासऱ्याचंबी नाव तोंडानं घेऊ नको. जेवनात एखादी खोड काढ, न्हाईतर म्हंत्याल जावई साधाभोळाच दिसतोय. आन निघताना इचारून निघ." चार वर्षं हुकूम ऐकून घडलेला माणूस. हाही हुकूम त्यांनी जशाचा तसा पाळला.

आता त्यांच्या अंगावर काय होतं ते सांगते. कापड रेशनवर होतं. नवं धोतर मिळायचं म्हणजे दुकानापुढं दिवस घालवायचा आणि शेवटी दुकानदारानं संपलं म्हणून सांगायचं. ह्यांच्याजवळ धड असा एकच पोशाख होता, पलटणीतला खाकी. बूट, पट्टा, डोक्यावर टोपी. सासुरवाडीला फाटकं घालून जाण्यापेक्षा हे बरं म्हणून त्यांनी तो इस्त्री करून चढवला. कलम एकशे एक्काहत्तर लागलं ते इथं.

तिकडं आमच्या गावात काय चाललं होतं? लेव्ही. सरकार शेतकऱ्याकडून आपल्या भावानं ज्वारी घ्यायचं, आणि कुणी दडवली की इन्स्पेक्टर येऊन घर उपसायचा. आमच्याकडं ज्वारी पेवात ठेवतात, म्हणजे जमिनीत विहिरीसारखा खड्डा खणून, आत कडबा लावून, वर माती सारवून टाकतात. वरून बघितलं तर अंगण. गावात कुणाच्या अंगणाखाली किती आहे हे सगळ्यांना माहीत होतं आणि कुणीच काही बोलत नव्हतं. त्या आठवड्यात तालुक्याहून कुणकुण लागली की नवा इन्स्पेक्टर यायचाय, लय कडक आहे.

पुढचं मला मागाहून कळलं, काही ह्यांच्या तोंडून आणि काही कोर्टात शपथेवर.

हे मोटारीतून फाट्यावर उतरले. तेव्हा मोटारी कोळशावर चालत, त्यामुळं उतरणारा माणूस आधीच काळवंडलेला आणि वैतागलेला असे. आमचा मळा गावाच्या पलीकडं, वाट गावातून. वेशीत तराळ बसलेला होता, चावडीचा माणूस, आल्यागेल्या साहेबाची वर्दी देणं हे त्याचं काम. त्यानं खाकी बघितली, बूट बघितले, आणि उठून लवून मुजरा केला. "या सायब. गाव वाटंच बघत हुतं." ह्यांना वाटलं, सासऱ्यानं सगळ्या गावाला सांगून ठेवलेलं दिसतंय. केवढा मान. ते काही बोलले नाहीत. तराळ पुढं, हे मागं, असे चावडीवर गेले.

चावडीवर पाटलांनी पाय धुवायला गरम पाणी दिलं. जावयाला देतात, साहेबालाही देतात. बसायला घोंगडं अंथरून वर पांढरी चादर घातली. जावयाला घालतात, साहेबालाही घालतात. गूळपाणी आलं, पानाचं तबक आलं, पाटलांच्या आईनं दारातून निरांजन ओवाळलं. मग पाटील हात जोडून म्हणाले, "आमचं गरिबाचं गाव हाय. कायबी कमी-जास्त झालं तर सांबाळून घ्या." ह्यांनी मान हलवली. तुम्ही कुठून आलात, काय काम, असं साहेबाला विचारायचं नसतं, तो अपमान होतो. जावयालाही विचारायचं नसतं, कारण ते माहीत असतं. तेव्हा कुणीच काही विचारलं नाही.

हे मनात म्हणाले, आमच्या संस्थानात जावई थेट घरी नेतात, इथं इंग्रजांच्या खालसा मुलखात आधी चावडीवर बसवत असतील. मुलूख बदलला की रीत बदलायचीच. पाटील मनात म्हणाले, साहेब बोलत नाही म्हणजे फार आतल्या गाठीचा आहे. दोघंही आपापल्या जागी बरोबर होते, आणि मला वाटतं ह्या देशात बरेचसे घोटाळे असेच होत असावेत.

मळ्यावर आम्हाला दुपारीच बातमी आली की इन्स्पेक्टर चावडीत येऊन बसलाय. वडिलांनी गोठ्यातल्या पेवावर म्हैस आणून बांधली आणि स्वतः रानात निघून गेले. चावडीकडं फिरकायचं नाही असं घरात सगळ्यांना बजावलं. म्हणजे ज्या एका माणसानं जावयाला ओळखलं असतं तो जावयाला भिऊन रानात बसला.

साहेबाचं जेवण गावानं वाटून घेतलं होतं, एक वेळ एका घराची. दुसऱ्या दिवशी दुपारची पाळी आमच्यावर आली. मी आणि आईनं जावयासाठी धोंडे करायला घेतलेच होते. पहाटे उठून गहू दळलेला, पुरण वाटलेलं, सगळं माझ्या हातचं. आई म्हणाली, "हेच दे लावून चावडीवर. जावई आला की परत करू. ह्या मेल्यानं खाल्लं तर पेव तरी वाचंल." मला काही ते पटलं नाही. नवऱ्यासाठी पहिल्यांदा केलेलं, ते कुण्या परक्याच्या घशात घालायचं? पण आईपुढं कुणाचं चालत नव्हतं. तराळ टोपली घेऊन गेला.

तिकडं हे धोंडे बघून खूश झाले. धोंड्याच्या महिन्यात, सासुरवाडीत, पुढ्यात धोंडे. आता काही शंका उरायचं कारणच नव्हतं. सगळे खाल्ले. मग आईची शिकवण आठवली, खोड काढायची राहिली होती. तराळाला म्हणाले, जायफळ जरा जास्त झालंय.

तराळानं रिकामी टोपली आणली आणि तो निरोपही आणला. "सायब म्हनलं, जायफळ जास्त झालंय." मी चुलीपुढून उठले. फुकटचं खायचं, वर आमचीच ज्वारी काढून न्यायची, आणि जायफळाची खोड काढायची? मी म्हणाले, त्याच्या तोंडात माती पडो. माझ्या नवऱ्याला संसारात मी दिलेला हा पहिला आशीर्वाद. पुढं पन्नास वर्षं त्यांनी मला तो ऐकवला, आणि पन्नास वर्षं मी धोंड्यात जायफळ कमी घातलं.

तिसऱ्या दिवशी हे रुसले. जावयानं रुसायची रीत असते, पण हे खरोखरच रुसले होते. खायला घालतात, झोपायला गादी देतात, पण बायकोचा पत्ता नाही, सासरा तोंड दाखवत नाही. ते भिंतीकडं तोंड करून बसून राहिले. पाटलांनी बघितलं. साहेब भिंतीकडं तोंड करून का बसतो हे पाटीलकी केलेल्या माणसाला सांगावं लागत नाही. त्यांनी एक फेटा, एक नारळ आणि ज्वारीचं एक पोतं गाडीत घातलं आणि ह्यांना मोटारस्टँडवर पोचवायला गाडी दिली. गाडी मळ्याकडं न वळता म्हसवडच्या रस्त्याला लागली तेव्हा ह्यांना कळलं की आपल्याला बायको न देताच वाटेला लावलंय. पण बोलायचं नाही, मागायचं नाही. ते गाडीत गप्प बसून राहिले. मला हे आठवलं की अजूनही त्यांच्या आईचा राग येतो.

त्याच दुपारी खरा इन्स्पेक्टर आला. सायकलवर. अंगात उसवलेला कोट, खाली धोतर, आणि सायकलच्या साखळीत धोतर अडकून फाटलेलं. म्हणाला, मी लेव्ही इन्स्पेक्टर. पाटील हसले. "खरं सायब आत्ताच गेलं जेवून. खाकी हुती अंगात. तू कोन रं?" तो चिडला, आवाज चढवला. आता कलम एकशे सत्तर पाटलांनाही ऐकून माहीत होतं. तोतया अंमलदाराला धरून ठेवावं म्हणून त्यांनी त्याला कोंडवाड्यात घातलं. कोंडवाडा म्हणजे चुकार जनावरं डांबायची जागा. आत एक मारकी म्हैस आधीच होती. तो बिचारा भिंतीवर चढून बसला आणि संध्याकाळी तालुक्याचा हवालदार दुसऱ्या कामासाठी आला तेव्हा त्याची ओळख पटून त्याला खाली उतरवला.

मग काय विचारता. हवालदार घोड्यावरून म्हसवडला गेला. मोटारीचा कोळसा संपल्यामुळं ती सुटलीच नव्हती, आणि हे स्टँडवर फेटा बांधून, नारळ मांडीवर घेऊन, परवान्याशिवायच्या ज्वारीच्या पोत्यावर बसले होते. ह्याहून सोपी अटक त्या हवालदाराला जन्मात मिळाली नसेल.

ठाण्यात ह्यांनी पहिल्यांदा तोंड उघडलं. "म्या सासुरवाडीला आलतो," म्हणाले. ठाणं हसलं. तरी शहानिशा करायची म्हणून दुसऱ्या दिवशी हवालदार आमच्या मळ्यावर आला. वडिलांनी खाकी बघितली आणि त्यांची पाचावर धारण बसली. हवालदारानं विचारलं, "तुमचा जावई आलता का हितं?" वडील देवमाणूस, खोटं बोलायचं ठाऊक नाही. म्हणाले, "न्हाई सायब. आमी वाटंच बघतोय. अजून फिरकलाच न्हाई." हवालदारानं ते लिहून घेतलं, अंगठा घेतला, आणि मग जाता जाता आरोपीचं नाव सांगितलं.

मी दाराआड उभी होते. ते नाव ऐकून मी खाली बसले. चावडीवर माझ्या हातचं जेवलेला तो मेला म्हणजे माझा नवरा, हे मला असं कळलं. आधी हसूच आलं, आणि मग हवालदार म्हणाला, "दोन वर्सं जातोय आत." चार वर्षं लढाईनं नेली होती. आता बंदूक नाही, शत्रू नाही, नुसते धोंडे खाल्ले म्हणून आणखी दोन. मी तिथं दारातच रडायला लागले आणि हवालदाराला वाटलं मी पेवाला भिऊन रडतेय, तो म्हशीखालची जमीन बघायला लागला.

वडिलांनी जामीन दिला. कोर्टानं अट घातली की खटला संपेपर्यंत आरोपीनं तालुका सोडायचा नाही. तालुक्यात ह्यांचं आमच्याशिवाय कोण होतं? तेव्हा सरकारी हुकमानं जावई सासुरवाडीत राहायला आला. तीन दिवस राहायला लाजणारा माणूस पावसाळा उलटेपर्यंत आमच्या परसात होता. मोट धरायचा, म्हशीचं दूध काढायचा, आईला सुईत दोरा ओवून द्यायचा. बोलायचा कमी. पण मी भाकरी थापत असले की चुलीपलीकडं येऊन बसायचा आणि इटलीतल्या बायका भाकरीऐवजी काय करतात ते सांगायचा. तेव्हा मी ह्यांचं तोंड नीट बघितलं. डाव्या भुवईवर एक व्रण होता, तो मला आवडला. खोटं कशाला बोलू, माझ्या लग्नातले पहिले सुखाचे दिवस मला पोलीस खात्यानं दिले. आणि जितकं सुख वाटायचं तितके मी तारखेला उरलेले दिवस पुन्हा पुन्हा मोजायचे.

मधल्या काळात सरकार बदललं. गावात झेंडा लागला, साखर वाटली. लोक म्हणाले, गोरं सरकार गेलं, आता खटलाबी गेला. वडील आनंदानं वकिलांकडं गेले. वकील साताऱ्याचे होते, फार सज्जन आणि फार कमी ऐकू येणारे. त्यांनी सांगितलं की कलम तेच राहतं, सरकार कुठलंही येवो. वडील घरी येऊन म्हणाले, "मंग कशाला येवडा खटाटोप केला म्हनावं?" हे त्यांनी कुणाला विचारलं ते मला अजून कळलेलं नाही.

खरी पंचाईत गावाची झाली होती. जावई एका घराचा नसतो, गावाचा असतो. गावचा जावई गावच्या साक्षीनं तुरुंगात जायचा म्हणजे पुढं आमच्या गावात मुलगी कोण करील आणि पोरगी कोण देईल? पण जावई निर्दोष म्हटला तर पाटलांनी खऱ्या अंमलदाराला म्हशीबरोबर का कोंडलं, ह्याला उत्तर नव्हतं. पाटील आमच्याकडं आले, ह्यांच्यापुढं बसले आणि म्हणाले, "पाव्हनं, मला तुमच्याइरुद्द बोलावं लागतंय. राग मानू नगा." हे म्हणाले, "तुमी बोला. खरं हाय तेच बोला." मग दोघांनी मिळून चहा घेतला. मी तो चहा मुद्दाम बिनसाखरेचा केला होता, पण दोघंही गप पिऊन गेले.

तारखेला अख्खं गाव गाड्या जुंपून तालुक्याला आलं. मॅजिस्ट्रेटसाहेब वयस्क, थकलेले, डोळ्यांवर जाड चष्मा. त्यांना चार मुली होत्या असं वकिलांनी आम्हाला आधीच सांगितलं होतं, का ते मला नंतर समजलं.

सरकारी वकिलांनी एकेक गोष्ट सिद्ध केली. आरोपीनं गरम पाण्यानं पाय धुवून घेतले. आमचे वकील उठून म्हणाले, जावई घेतोच. आरोपी चादरीवर बसला. जावई बसतोच. आरोपीनं दुपारी झोप काढली. जावई काढतोच. आरोपीनं अन्नाला नाव ठेवलं. मॅजिस्ट्रेटसाहेबांनी एक उसासा टाकला आणि म्हणाले, "जावई ठेवतोच. पुढं चला." आरोपीनं फेटा, नारळ आणि ज्वारी घेतली. इथं आमचे वकील अडखळले, कारण ज्वारी जावयालाही देतात, पण ती पोत्यानं देत नाहीत.

मग मला उभं केलं. धोंडे कुणी केले, कुणासाठी केले, मी सगळं सांगितलं. कारकून म्हणाला, नवऱ्याचं नाव सांगा. मी म्हटलं, असं नाव घेत नाहीत. तो म्हणाला, नावाशिवाय साक्ष होत नाही. मग मी भर कोर्टात, पिंजऱ्याला धरून, उखाणा घेतला. मागून बायका हसल्या. कारकुनानं लेखणी थांबवून विचारलं, सगळा लिहायचा का? मॅजिस्ट्रेटसाहेब म्हणाले, नाव तेवढं लिहा. सरकारी वकिलांनी मला एवढंच विचारलं, "तुमच्या वडिलांनी जावई आलाच नाही असं लिहून दिलंय, खरं ना?" मी म्हटलं, खरं. पिंजऱ्यातून बाहेर आले. मला वाटलं, आपणच ह्यांना आत ढकललं.

शेवटी पाटील. त्यांनी सगळं खरं सांगितलं, पाय धुण्यापासून पोत्यापर्यंत. सरकारी वकील समाधानानं खाली बसले. आमच्या वकिलांना बहुतेक ऐकूच आलं नव्हतं, ते कागद चाळत होते. साहेबांनीच सहज, टिपण पुरं करायचं म्हणून विचारलं, "आरोपी जाताना काही बोलला का?"

"व्हय सायब. म्हनलं, निघू का?"

साहेबांची लेखणी थांबली. "कुणाला म्हणाला?"

"मला. आन आमच्या म्हातारीला. आन तराळाला."

"तराळाला विचारलं, निघू का म्हणून?"

"व्हय. रोजच इचारायचं. पैल्या दिशी इचारलं, मी म्हनलं, राव्हा आजचा दिस. राहिलं. दुसऱ्या दिशी इचारलं, म्हातारी म्हनली, राव्हा आजचा दिस. राहिलं. तिसऱ्या दिशी कुनी काय म्हनलं न्हाई, तवा गेलं."

मॅजिस्ट्रेटसाहेबांनी चष्मा काढला. "पाटील, तुमच्या पाटीलकीत चावडीवर पुष्कळ अंमलदार येऊन गेले असतील."

"लय आलं."

"त्यातल्या एकानं तरी निघताना तुमची परवानगी मागितली होती?"

पाटील बोटांवर मोजायला लागले. ते खरोखर आठवत होते, एकेक साहेब. खरा इन्स्पेक्टर पुढच्या बाकावर बसला होता, तोही आठवायला लागला. "न्हाई," पाटील म्हणाले. "एकबी न्हाई."

"मग ह्यांनी मागितली तेव्हा तुम्हाला शंका आली नाही?"

"आली की सायब. वाटलं, लय वरचा सायब असंल."

निकाल त्याच दिवशी दिला. इंग्रजीत होता, वकिलांनी नंतर मराठीत सांगितला. ह्या माणसानं अंमलदार असल्याचं भासवलं असं म्हणता येत नाही, कारण जो घरच्या म्हातारीला आणि गावच्या तराळाला विचारून पाऊल उचलतो त्याचं वागणं अंमलदारासारखं आहे असं कुणी शहाणा माणूस म्हणणार नाही. लेव्ही इन्स्पेक्टरला सरकारनं कसलाच पोशाख ठरवून दिलेला नाही, तेव्हा पोशाखाचंही कलम टिकत नाही. ज्वारी सरकारजमा. फेटा आणि नारळ आरोपीला परत. पाटलांना इन्स्पेक्टरची भर कोर्टात माफी मागायला लावली, ती त्यांनी म्हशीच्या वतीनंही मागितली.

साहेब ह्यांना म्हणाले, "तुम्ही सुटलात. जा आता."

हे पिंजऱ्यातच उभे. हातात तो वाळून खडखडणारा नारळ. ते साहेबांकडं बघून म्हणाले, "निघू का?"

आणि मागं बसलेलं आमचं सगळं गाव, पाटील, म्हातारी, वडील, दारातला तराळ, सवयीनं एका तोंडानं म्हणालं, "राव्हा आजचा दिस." पट्टेवाल्यानं शांतता शांतता म्हणून ओरडायचं सोडून तोंडाला फडकं लावलं. मॅजिस्ट्रेटसाहेब उठून आत गेले आणि बराच वेळ बाहेर आले नाहीत.

त्या दिवशी आम्ही माहेरीच राहिलो. दुसऱ्या दिवशी मी ह्यांच्याबरोबर जतला गेले. तराळ पुढं कैक वर्षं वेशीत बसून येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायचा, "मला इचारून गेलेला एकच सायब, आन त्योबी खोटा." सांगताना तो हसायचा नाही.

पुढं सरकारी मोटारी निघाल्या, त्यात हे कंडक्टर झाले, आणि निवृत्त होईपर्यंत रीतसर खाकी घालून हिंडले. सकाळी पट्टा बांधून झाला की दारात उभे राहून विचारायचे, "निघू का?" मी म्हणायचे, राव्हा आजचा दिस. आणि ते जायचे, कारण मोटार थांबत नाही. कधी भांडण झालेलं असलं तरी विचारायचे. मी तोंड फिरवून का होईना, पण उत्तर द्यायचे.

सांगलीच्या दवाखान्यात ते महिनाभर होते. शेवटी शेवटी बोलणं जवळजवळ थांबलं होतं. एक दिवस सकाळी डोळे उघडले, माझ्याकडं बघितलं आणि अगदी हळू म्हणाले, "निघू का?" मी म्हणाले, राव्हा आजचा दिस. राहिले. तो सगळा दिवस राहिले, थोडी पेजही घेतली. दुसऱ्या दिवशी मी तोंड धुवायला नळावर गेले तेवढ्यात गेले, कुणालाही न विचारता, एखाद्या खऱ्या साहेबासारखे. बाकी सगळं मी त्यांना कधीच माफ केलं, जायफळसुद्धा. ह्या एका गोष्टीचा राग अजून आहे.